मदत हवी आहे: नवीन सीटचा कोन जुळत नाही

हायब्रिड सायकलला मधे खाच असलेली नवीन सीट बसवली आहे. गंगापूर धरणाकडे जाताना थोड्याच वेळात पुढे घसरायला होतं, सगळा भार हातांवर येतो आणि तळव्यांना मुंग्या येतात. उंची तपासली आहे: पेडल सगळ्यात खाली असताना टाच ठेवली की पाय सरळ, चवडा ठेवला की गुडघा किंचित वाकलेला. सीटखालच्या रेल्सवरच्या (दोन दांड्यांवरच्या) खुणांच्या आत सीट पुढे-मागेही करून झाली.

खरी अडचण सीट धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पची वाटते. एकच बोल्ट आणि आत जाडसर दाते. एक दाता वर घेतला की सीटची पुढची नोक टोचते, खाली घेतला की पुन्हा घसरायला होतं. मधला कोन मिळतच नाही. पॅडेड शॉर्ट्स आहेत, हँडल बदलायचं नाही. सीटपोस्ट (क्लॅम्प ज्यावर असतो तो सीटखालचा दांडा) 27.2 मिमी व्यासाचा आहे.

दोन बोल्टचा सीटपोस्ट घेतला तर कोन बारीक जुळवता येईल का, आणि नाशिकमध्ये तो कुठे मिळेल?