डायडेमा अर्चिन: चाळीस वर्षं झाली तरी कॅरिबियनमध्ये का सावरत नाहीत?

खाजण
कॅरिबियनमधल्या लांब काट्यांच्या सी-अर्चिनबद्दल (डायडेमा अँटिलेरम, खडकावरचं शैवाल खाणारा काटेरी गोल प्राणी) विचारायचं आहे. 1983 मध्ये साथ येऊन ते जवळजवळ संपले. एका मादीपासून लाखांनी अंडी निघतात, मग संख्या परत का भरली नाही? आणि आता हॅचरीत वाढवून सोडतात म्हणे. त्यात नेमकं कुठे अडतं?

निवटी
अंडी लाखांनी निघतात हे खरं, पण फलन बाहेर, उघड्या पाण्यात होतं. नर-मादी काही मीटर लांब असले की शुक्राणू इतके पातळ होतात की बहुतेक अंडी वायाच जातात. 1983 च्या जानेवारीत पनामाच्या किनाऱ्यावर मर सुरू झाली आणि साधारण तेरा महिन्यांत ती सगळ्या कॅरिबियनभर फिरली. अर्चिनचे अभ्यासक हॅरिलाओस लेसिओस यांच्या नोंदींप्रमाणे बहुतेक ठिकाणी 93 ते 99 टक्के अर्चिन गेले. उरलेल्यांना एकट्याला भरपूर शैवाल मिळालं, त्यामुळे ते आकाराने मोठे झाले आणि प्रत्येकी जास्त अंडी घालू लागले. पण जोडीदारच जवळ नसल्यावर त्या अंड्यांचा उपयोग काय?

दुसरी गोष्ट शैवालाची. जमैकात 1977 ते 1993 दरम्यान तळावरचं जिवंत प्रवाळ 52 टक्क्यांवरून 3 वर आलं आणि शैवाल 4 वरून 92 वर गेलं. सगळा दोष अर्चिनच्या मरीवर टाकू नका. अतिमासेमारीने शैवाल खाणारे मासे आधीच कमी झाले होते आणि 1980 च्या ॲलन चक्रीवादळाने प्रवाळ मोडलं होतं. म्हणून तर सगळी भिस्त अर्चिनवर येऊन पडली होती. आता शैवालाचं रान माजलं की पिल्लाला बसायला स्वच्छ खडक मिळत नाही आणि प्रवाळ मोडून सपाट झालं की दिवसा लपायला कपार मिळत नाही. डायडेमा रात्री चरतो, दिवसा फटीत असतो. फट नाही तर तो ट्रिगर फिश आणि शेवंडीच्या तोंडी जातो.

भरती
हॅचरीबद्दल सांगतो. प्रजनन करवणं त्यातल्या त्यात सोपं. खरं डोकं खातं ते डिंभ (अळी) वाढवणं. ती पाण्यात पाच ते आठ आठवडे तरंगत राहते आणि तिचे दोन हात शरीराच्या कितीतरी पट लांब असतात. टाकीत हवेचे बुडबुडे जोरात सोडले की हे हात मोडतात. पाणी स्थिर ठेवलं तर अळ्या तळाशी साचून एकमेकींत गुंततात. म्हणून नेदरलँड्समधल्या व्हॅन हॉल लारेनस्टाइन संस्थेने बाटल्या हलक्या हेलकावणाऱ्या टेबलावर ठेवून वाढवल्या. खाद्य म्हणजे ऱ्होडोमोनाससारखं एकपेशीय शैवाल. जास्त घातलं की उरलेलं कुजतं, जिवाणू वाढतात आणि अख्खी तुकडी हातची जाते. कमी घातलं की अळीचं अर्चिनमध्ये रूपांतरच लांबतं. रूपांतराच्या वेळी पातळ जैवथर (सूक्ष्मजीवांचा चिकट थर) चढलेली पट्टी लागते. कोऱ्या प्लास्टिकवर अळ्या सहसा बसत नाहीत. बसलेलं पिल्लू साधारण अर्धा मिलिमीटर.

एवढं करून खडकावर सोडलं की पुढची अडचण. हॅचरीतल्या पिल्लांना फटीत शिरायची सवय नसते, भरदिवसा उघड्यावर बसतात आणि फस्त होतात. म्हणून टाकीतच आडोसा देऊन सवय लावतात, आणि सोडल्यावर पहिले काही दिवस भोवती जाळीचं कुंपण घालतात. ते काढायची घाई केली तर मोजदादच लागत नाही. मेले की निघून गेले, काहीच कळत नाही.

हॅचरीचा खर्च टाळायचा तर कॅरिबियनमधल्या सेबा बेटावर केलेला प्रयोग बघा. मत्स्यपालनाच्या गाळणीत वापरतात ते काटेरी प्लास्टिकचे गोळे (बायो-बॉल) दोरीत ओवून, वर बोया आणि खाली वजन लावून पाण्यात टांगले. त्यावर अळ्या आपोआप बसल्या. म्हणजे तिथे अळ्यांचा तुटवडा नव्हताच. बसल्यानंतर त्या जगत नव्हत्या. हे आधी तपासल्याशिवाय हॅचरी उभारायला निघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खाजण
पण 2022 मध्ये पुन्हा साथ आली ना? मग सोडलेले अर्चिनही मरणारच.

निवटी
आली. जानेवारी 2022 मध्ये सेंट थॉमसला पहिल्यांदा दिसली. काही महिन्यांत सेबा, पोर्तो रिको, जमैका असा फैलाव. या वेळी कारण सापडलं: फिलास्टर गटातला एक सिलिएट, म्हणजे केसाळ एकपेशीय जीव. माया ब्राइटबार्ट आणि इयन ह्यूसन यांच्या चमूने 2023 मध्ये ते जाहीर केलं. निरोगी अर्चिनच्या पाण्यात तो सोडल्यावर काही दिवसांत सुमारे 60 टक्के मेले. 1983 चा रोग हाच होता का, हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

लक्षणं ओळखायला सोपी: आधी नलिकापाद (चिकटून राहायचे नळीसारखे बारीक पाय) पकड सोडतात, मग काटे लुळे पडतात, मग गळतात, आणि नुसतं कवच उरतं. एकदा काटे वाकले की आशा सोडा.

कालवं
एक विरोधी सूर. "जितके जास्त अर्चिन तितकं चांगलं" असं धरून चालू नका. केनियात टिम मॅकक्लॅनहन यांनी उलटंच दाखवलं: ट्रिगर फिश मारून टाकल्यावर एकिनोमेट्रा मॅथेई जातीचे अर्चिन इतके वाढले की ते प्रवाळच पोखरू लागले. शैवाल आटोक्यात राहील एवढे हवेत, खडक झिजेल एवढे नकोत. कॅरिबियनमध्ये दर चौरस मीटरला एक हा आकडा लक्ष्य म्हणून बरेचदा घेतला जातो.

आणि हे फक्त कॅरिबियनचं दुखणं समजू नका. त्याच सिलिएटने 2022 पासून पूर्व भूमध्यात, मग तांबड्या समुद्रातल्या ऐलातला आणि 2023 मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर अर्चिन मेले. भूमध्य आणि ऐलातमध्ये मेलेली डायडेमा सेटोसम ही जात आपल्याकडेही आहे. लक्षद्वीप-अंदमानला डाइव्ह करणाऱ्यांनी एवढं करावं: गियर गोड्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवूनच दुसऱ्या जागी वापरावं. अर्चिनला हात लावू नये. 10 मीटर लांब, 1 मीटर रुंद पट्ट्यात किती दिसले ते तारीख, वेळ, खोली घालून लिहावं, आणि शून्य असले तरी लिहावं. मोजणी एकदा दिवसा, एकदा रात्री केली आणि दोन्ही आकडे मिसळले तर नोंद निरुपयोगी, कारण दिवसा निम्मे फटीत असतात.