काळ्या गाडीवर उन्हात जाळं दिसतंय, घरी पॉलिश जमेल का?

राजारामपुरीकर
नमस्कार मंडळी. सेकंडहँड बलेनो घेतली, काळी. इंजिन झकास, आतून स्वच्छ. घेताना शेडच्या सावलीत उभी होती, तेव्हा रंग चकाचक वाटला. घरी आणून दुपारच्या उन्हात लावली तर बॉनेटवर सूर्याभोवती बारीक रेषांचं गोल जाळं! रात्री पेट्रोल पंपाच्या लाइटखाली तर बघवत नाही. छतावर आणि काचांवर पाण्याच्या थेंबांचे पांढरे डाग आहेत, ते शॅम्पूने हलत नाहीत.

दोन ठिकाणी विचारलं. एकजण म्हणाला सिरॅमिक कोटिंगच (रंगावर बसणारा कडक संरक्षक थर) मारून घ्या, दुसरा म्हणाला तासाभरात मशीन फिरवून देतो. मला मात्र हे स्वतः शिकायचंय. रविवार मोकळा असतो, बिल्डिंगखाली सावलीचं पार्किंग आहे, पाणी बोअरचं. मशीन घ्यावं का? शेजारचे काका म्हणतात ग्राइंडरलाच फोम लाव. आणि दसरा आला की घरचे बॉनेटवर हळदकुंकू लावणार, त्याचं काय करायचं?

रंकाळा_राउंड
काकांना नमस्कार सांग आणि ग्राइंडर त्यांच्याकडंच राहू दे. सिरॅमिक आत्ता नको. जाळ्यावर सिरॅमिक मारलंस तर तेच जाळं आत झाकून ठेवल्यासारखं होईल. बाकी उद्यमनगरवाला सांगतीलच.

उद्यमनगरवाला
आलो. आमच्या वडिलांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज, त्यामुळं लहानपणापासून कंपाऊंडचा, म्हणजे रंग घासायच्या पेस्टचा, वास नाकात बसलाय.

भावा, मशीनचं नंतर बघू. आधी जाळं आलं कुठनं ते बघ, नाहीतर पॉलिश करशील आणि दिवाळीपर्यंत परत तेच. आपल्याकडं सकाळी गाडी काढायच्या आधी कोरडं फडकं मारायची खोड. धुळीत वाळूचे कण असतात, ते फडक्याखाली घासले की चरे पडतात. चरे गोल नसतात बरं का, सगळ्या दिशांनी असतात. उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून सूर्याभोवती गोल दिसतात. पांढऱ्या गाडीवरही असतात, फक्त डोळ्यावर येत नाहीत.

हे चरे रंगावर नाहीत, रंगाच्या वरच्या पारदर्शक क्लिअर कोटवर आहेत. कंपनीच्या रंगात तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपला केस ७० च्या आसपास, म्हणजे केसापेक्षा पातळ. पॉलिश करणं म्हणजे चरा भरणं न्हवं, चऱ्याच्या आजूबाजूचा थर घासून खाली आणणं. घासलेला थर परत येत नाही. म्हणून चऱ्यावरनं नख आडवं फिरव. नख अडकलं तर तो खोल आहे, त्याच्या नादाला लागू नको.

आता धुणं. निम्मं काम इथंच आहे आणि ह्यालाच लोक कंटाळतात. गाडीला हात लावायच्या आधी नुसत्या पाण्यानं भरपूर भिजव, चिखल आपोआप सुटू दे. गगनबावड्याहून आलेली तांबडी माती सुकल्यावर तर आधी पाणीच, हात नंतर. मग दोन बादल्या: एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडव, एक पॅनेल पूस, साध्या पाण्यात खळखळून घे, मगच परत शॅम्पूत. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जी वाळू दिसेल ती तुझ्या बॉनेटवर घासली गेली नाही असं समज. छतापासनं खाली ये. दारांचा खालचा भाग आणि चाकांचा मोजा वेगळा. फडकं जमिनीवर पडलं की ते गाडीचं राहिलं नाही, टायरला वापर. पुसताना मोठा टॉवेल पसरून टिपायचं, घासायचं नाही.

थेंबांचे डाग बोअरच्या क्षारांचे. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, गार पॅनेलवर, एक-दोन मिनिटं, आणि लगेच धुवून टाक. तरी राहिले तर क्षार क्लिअर कोटात उतरलेत, मग पॉलिशच. शेवटची बादली नळाच्या पाण्याची घेत जा.

मशीन घ्यायचंच तर डीए घे, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन. त्याचा पॅड फिरतोही आणि हेलकावतोही, त्यामुळं उष्णता एका जागी साचत नाही, शिकणाऱ्याला जीवदान. साधा चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो, पॉलिशच्या रोटरीला, म्हणजे पॅड नुसता गोल फिरवणाऱ्या मशीनला, हजार-दोन हजार पुरतात. म्हणजे काकांच्या ग्राइंडरनं कडेचा रंग उडायला क्षणभर लागतो. तासाभरात मशीन फिरवून देणाऱ्यांचंही बघ. रोटरीनं घाईत मारलं की धनुष्यासारखे धूसर पट्टे राहतात. वर तेलकट पॉलिश असेपर्यंत ते लपतात आणि पहिल्या धुण्याला बाहेर येतात.

पॅनेलच्या कडा आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना मास्किंग टेप लाव. बॉनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन ठरव आणि आधी सगळ्यात सौम्य पॉलिश, मऊ फोम पॅड. मशीन टेकवल्याशिवाय चालू करायचं नाही, नाहीतर पॉलिश तुझ्या शर्टावर आणि काकांच्या ओट्यावर. हात सेकंदाला इंचभर सरकव, प्रत्येक फेरी मागच्या फेरीवर निम्मी चढव. जोर लावू नको, मशीनच्या वजनाचं काम आहे. पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं मारून बघ, तेल निघालं की खरं दिसतं. मोबाइलचा टॉर्च तिरका धर. जाळं गेलं असेल तर कडक कंपाऊंडला हात लावू नको. राहिलेच दोन-चार चरे तर राहू देत.

शिरोली_सेकंड_शिफ्ट
उद्यमनगरवाला, क्लेचं (रंगात रुतलेले कण उचलणारी मऊ वडी) राहिलं की. गाडी एमआयडीसीत उभी असेल तर धुऊन झाल्यावरही हात खरखरीत लागतो. आमच्याकडं फौंड्रीच्या फेटलिंगमधले (ओतलेला माल घासून साफ करतात तिथले) लोखंडाचे कण उडतात, रंगात रुततात आणि गंजतात. पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसतात ते हेच. हाताला प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून बॉनेटवर फिरवा, खरखर स्पष्ट कळते. आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा) मारला की जांभळे ओघळ यायला लागतात. सुकायच्या आत धुवा. मग साबणाचं पाणी लावून क्ले बार हलकेच फिरवा. हे झाल्याशिवाय पॉलिश नको, नाहीतर पॅड तेच कण घासत बसतो.

टाकाळ्याची_ताई
दसऱ्याचं मी सांगते, कारण आमच्या घरी दरवर्षी वाद. कोरडं कुंकू बोटानं रंगावर रेटलं की घासतंच. आम्ही आता स्वस्तिक पुढच्या काचेवर ओलं काढतो. सासूबाई आधी नाराज होत्या, पण काच पण गाडीचाच भाग म्हटल्यावर ऐकल्या. हळदीचा पिवळा डाग उन्हात फिका पडतो, त्याची घाई नको. झेंडूचा हार मात्र जास्त नुकसान करतो. तो बॉनेटवर मोकळा सोडून गाडी चालवली की दोरा आणि त्याला चिकटलेली धूळ रंगावर आपटत राहते. हार पुढच्या ग्रिलच्या जाळीला घट्ट बांधा आणि पूजा झाली की काढा. जोतिबाला गेलात तर गुलाल कोरड्या फडक्यानं झटकू नका. पंक्चरवाल्याकडं हवा मारून घ्या, मग पाणी.

राजारामपुरीकर
सगळ्यांचे आभार. दोन बादल्या आणल्या, मोजा ऑर्डर केलाय. टॉर्च मारून बघितला तर डाव्या मागच्या दारावर जाळं फार कमी आहे, पण जवळनं बघितलं की पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा. बाकी गाडी गुळगुळीत. हे काय?

उद्यमनगरवाला
ते दार रंगवलेलं दिसतंय. रबर बीडिंग बोटानं उचलून बघ, खाली रंगाची कड किंवा टेपची रेष लागली तर नक्की. वाईट काही नाही, सेकंडहँडमध्ये असतंच. पण गॅरेजमधल्या रंगाचा थर जाड निघतो की पातळ, ते मारणाऱ्यावर. शिवाय तो कंपनीच्या रंगापेक्षा मऊ असू शकतो. त्या दारावर मशीन आत्ता नको, हातानं फोम अ‍ॅप्लिकेटरवर सौम्य पॉलिश घे, बास. रंगाच्या थराची जाडी मोजणारं मायक्रॉन मीटर असलेलं गॅरेज सापडलं तर चारी दारं मोजून घे. दरवेळी तीन-चार ठिकाणी टेकवायला सांग, एका आकड्यावर विश्वास ठेवू नको. आणि मीटर पत्र्यावरच चालतं, बंपर प्लॅस्टिकचा आहे, तिथं टेकवून आकडा आला नाही म्हणून घाबरू नको.