पहिली गिअरची गाडी: हंटर की डब्ल्यू१७५? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आजवर फक्त स्कूटी चालवलीय, आता गिअरची घ्यायचीय. उंची ५ फूट २ इंच. मनात मात्र जुन्या वळणाची, गोल हेडलाइटवालीच गाडी बसलीय, त्याला इलाज नाही.

रॉयल एनफिल्डची हंटर ३५० शोरूममध्ये बसून पाहिली. दिसायला एकदम झकास, पण वजन १८१ किलो! साइड स्टँडवरून सरळ करतानाच घाम फुटला. चालू लागली की वजन जाणवत नाही म्हणतात. पण सिग्नलला, उतारावर, एका पायावर तोलताना काय? कावासाकीची डब्ल्यू१७५ जेमतेम १३५ किलोची, १७७ सीसी, एअर-कूल्ड (हवेनेच थंड होणारं) इंजिन, साधासरळ मामला. तिचे पार्ट्स नाशकात वेळेवर मिळतात का? सेकंड हँड घेतली तर काय तपासू?

रोज इंदिरानगर ते सातपूर, म्हणजे मुंबई नाक्याला अर्ध्या क्लचवर रांगणं आलंच. रविवारी फार तर त्र्यंबकेश्वर. कसारा घाट एवढ्यात नको. घरी आईला सांगणं हाच सध्या मोठा घाट आहे.

कमी उंचीच्या कुणी यातली गाडी रोज चालवत असाल तर प्लीज सांगा. आणि हो, क्लचचा सराव करायला सकाळी मोकळं मैदान कुठलं बरं?