गळणाऱ्या स्टीअरिंग बॉक्सच्या जागी दुसऱ्या मॉडेलचा जुना बॉक्स बसवावा का?

प्रश्न – जुनी_चासी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे वेगळ्या चासीची (बॉडीखाली स्वतंत्र सांगाडा असलेली), बरीच जुनी गाडी असून तिला रिसर्क्युलेटिंग बॉल (आत फिरत्या गोळ्या असलेल्या) प्रकारचा पॉवर स्टीअरिंग बॉक्स आहे. गेल्या काही महिन्यांपासून बॉक्सच्या तळाशी, पिटमन आर्मच्या (बॉक्समधून चाकांकडे वळण नेणाऱ्या दांड्याच्या) अगदी वर, तेल गळत आहे. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी फरशीवर तळहाताएवढा तांबडा डाग दिसतो. मध्यंतरी ऑइल सील बदलून घेतले, पण ते जेमतेम दोन महिने टिकले. या मॉडेलचा नवीन बॉक्स आता मिळत नाही. त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचा वापरलेला बॉक्स मात्र मिळतो आहे आणि त्याच्या बोल्टांची भोके माझ्या चासीशी जुळतात, हे मी स्वतः मोजून पाहिले आहे. विकणाऱ्याच्या मते एवढे जुळले की काम झाले. घरची माणसे याच गाडीतून प्रवास करतात, म्हणून पैसे देण्यापूर्वी आणखी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – पाना_१७

भोके जुळणे ही केवळ पहिली अट आहे. त्याहून महत्त्वाची आहे फिरण्याची दिशा. काही गाड्यांत पिटमन आर्म बॉक्सपासून मागे जातो, तर काहींत पुढे, आणि त्यानुसार आतल्या वर्मचे (स्क्रूसारख्या दंडाचे) आटे उजवे किंवा डावे असतात. त्यामुळे बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसणारे दोन बॉक्स प्रत्यक्षात एकमेकांच्या उलट चालणारे असू शकतात. चुकून तसा बॉक्स बसला, तर स्टीअरिंग उजवीकडे वळवल्यावर गाडी डावीकडे जाईल. म्हणून दोन्ही बॉक्स टेबलावर एकाच बाजूला तोंड करून ठेवा, वरचा शाफ्ट घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवा आणि खालचा सेक्टर शाफ्ट (ज्याला पिटमन आर्म बसतो तो) कोणत्या दिशेने वळतो, ते पाहा.

त्यानंतर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात, ते मोजा आणि सेक्टर शाफ्ट एकूण किती अंशांत फिरतो, तेही नोंदवा. फेरे थोडे कमी असले तर स्टीअरिंग जरा चपळ वाटेल, इतकेच. परंतु सेक्टर शाफ्टचा फिरण्याचा कोनच कमी असेल, तर चाकांजवळचे स्टॉप बोल्ट टेकण्याआधी बॉक्स आतल्या आत टेकेल, वळण अपुरे पडेल आणि प्रत्येक पूर्ण वळणाचा धक्का बॉक्सच्या पोटात बसेल. असा बॉक्स घेऊ नये.

दोन्ही शाफ्टांवरच्या स्प्लाइनचे दाते मोजा. दाते सारखे असल्यास तुमचाच पिटमन आर्म वापरा. दुसरा आर्म वापरायची वेळ आली, तर त्याची लांबी आणि खालचा बाक दोन्ही तुमच्या आर्मइतकेच हवेत, कारण बाक बदलला की ड्रॅग लिंकचा (आर्मपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो आणि खड्ड्यातून जाताना स्टीअरिंग आपोआप ओढले जाऊ लागते. आर्म तापवून वाकवणे, घासून बसवणे किंवा वेल्डिंग करणे हे उपाय कोणी सुचवले, तर तिथून निघून यावे.

उत्तर – तेलाचा_माग

नवे सील दोन महिन्यांत का गेले, याचे कारण आधी शोधावे, अन्यथा तीच गळती दुसऱ्या बॉक्समध्येही सुरू होईल. गाडीखाली बसून दुसऱ्या कोणाला तरी स्टीअरिंग हळूहळू डावीउजवीकडे हलवायला सांगा. सेक्टर शाफ्ट जागच्या जागी फिरण्याऐवजी बाजूला सरकताना दिसला, तर बुश किंवा बेअरिंग झिजले आहे आणि अशा शाफ्टवर कोणतेही सील टिकत नाही.

वापरलेला बॉक्स विकत घेताना सेक्टर शाफ्ट चिंधीने स्वच्छ पुसा आणि सीलची कड जिथे टेकते, त्या पट्ट्यावरून अंगठ्याचे नख हळूच फिरवा. नख अडले, म्हणजे तिथे गंजाचा खड्डा किंवा चर आहे. मग वरचा शाफ्ट बोटांनी फिरवा. मध्याजवळ तो किंचित जड लागला पाहिजे, कारण बॉक्सची रचनाच तशी असते. तो कुठे खरखरला किंवा मध्यावरच सैल लागला, तर आतला भाग झिजला आहे, असे समजावे. हा सैलपणा वरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून झाकू नये. तसे केल्यास बॉक्स मध्यावर आवळला जातो आणि वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही, जे सैलपणापेक्षाही धोक्याचे आहे.

बॉक्स पसंत पडला तरी गाडीवर चढवण्यापूर्वी सगळी सीले टेबलावरच बदला. नवे सील सरकवताना शाफ्टच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळून तिला तेल लावा, कारण त्या धारदार दात्यांनी सीलची कड कापली जाते आणि पुष्कळदा नवे सील गळण्याचे कारण एवढेच असते.

जुनी_चासी

आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे सर्व तपासले. दोन्ही बॉक्सची दिशा सारखीच आहे. माझ्या बॉक्सचे फेरे चार आणि दुसऱ्याचे साडेतीन भरले, मात्र सेक्टर शाफ्टचा कोन आणि दाते जुळतात. माझ्या जुन्या शाफ्टवर नख दोन ठिकाणी अडले, दुसऱ्याचा शाफ्ट गुळगुळीत आहे. फरक निघाला तो दाबाच्या पाइपमध्ये: माझ्या पाइपाचे टोक फ्लेअरचे (फुलवलेले) आहे आणि त्या बॉक्सला ओ-रिंगचे (रबरी कड्याचे) टोक लागते.

उत्तर – पाना_१७

मग बॉक्स घ्या, पण पाइपाच्या बाबतीत तडजोड करू नका. आट्यांवर टेप गुंडाळून जोड दामटल्यास तो टिकणार नाही. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर या पाइपात 70 बार किंवा त्याहूनही अधिक दाब येऊ शकतो. हायड्रॉलिक होज तयार करणाऱ्याकडून एका बाजूला तुमच्या पंपाचे आणि दुसऱ्या बाजूला या बॉक्सचे टोक असलेला होज दाबून घ्या.

बसवताना चाके सरळ ठेवा आणि स्टीअरिंग व्हील बांधून ठेवा. गाडीला एअरबॅग असेल, तर हे विसरू नका, कारण कॉलम सुटा असताना व्हील फिरले की त्यामागची क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगला वीज पोहोचवणारी गुंडाळलेली पट्टी) तुटते. पिटमन आर्म पुलरनेच काढा. बॉक्सही मोजलेल्या फेऱ्यांच्या बरोबर मध्यावर ठेवून मगच जोडा. कपलिंगचा (कॉलम आणि बॉक्स यांच्यातल्या जोडाचा) बोल्ट आणि लॉकनट नवे वापरा आणि सर्व बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधील आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने आवळा.

पंप आणि टाकीतले जुने तेल पूर्ण काढून टाकीवर लिहिलेल्या प्रकारचेच नवे तेल भरा. पुढची चाके जॅकने उचलून स्टँडवर ठेवा आणि इंजिन बंद असतानाच स्टीअरिंग टोकापासून टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवत तेल घालत राहा. टाकीत बुडबुडे येणे थांबले की मगच इंजिन सुरू करा. तेल फेसाळ दिसले किंवा पंप कण्हल्यासारखा आवाज करू लागला, तर आत अजून हवा आहे. अशा वेळी इंजिन बंद करून तेल निवळू द्या आणि पुन्हा फिरवा. शेवटी अलाइनमेंट करून घ्या आणि शंभरेक किलोमीटर गाडी चालल्यावर चासीवरचे बोल्ट पुन्हा एकदा तपासा.