मदत हवी आहे: चॅसिस हलवल्यापासून ब्लेड बंद पडतात आणि सीएमसी मधूनच गायब होतो

नमस्कार मंडळी,

आमच्या संशोधन संस्थेत डेलचा पॉवरएज एम१०००ई चॅसिस (अनेक सर्व्हर एकत्र बसवायची पेटी) आहे. जुना असला तरी ठणठणीत आहे, आणि हवामानाच्या मॉडेलिंगचं सगळं काम त्याच्यावरच चालतं. सोळाही स्लॉटमध्ये एम६१० ब्लेड (पातळ सर्व्हर), मागे २३६० वॅटचे सहा पीएसयू (वीजपुरवठा युनिट), दोन सीएमसी (अख्ख्या चॅसिसवर लक्ष ठेवणारे नियंत्रक; एक चालू, दुसरा राखीव). गेल्या महिन्यात सर्व्हर रूम दुसऱ्या मजल्यावर हलवली. उचलण्यापासून केबल जोडण्यापर्यंतचं काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे होतं. तेव्हापासून दोन दुखणी मागे लागली आहेत.

पहिलं विजेचं. रॅकमध्ये दोन पीडीयू (वीज वाटणाऱ्या सॉकेटच्या पट्ट्या) आहेत, 'अ' आणि 'ब', दोन वेगळ्या यूपीएसवर. प्रत्येकाला ३२ अँपिअरची सिंगल फेज लाइन. सीएमसीत एसी रिडंडन्सी (एक लाइन गेली तरी दुसरीवर चालत राहायची सेटिंग) निवडलेली आहे, सहाही पीएसयू हिरवे, रिडंडन्सी पूर्ण असल्याचं दिसतं. म्हणून बॅटरी बदलायला यूपीएस 'अ' बंद करू दिला. बंद केल्याबरोबर पंखे जोरात फिरू लागले, ब्लेड मंदावले आणि खालच्या ओळीतले काही ब्लेड चक्क बंद झाले. यूपीएस परत आल्यावर ते हाताने चालू करावे लागले. दोन पीएचडीच्या विद्यार्थ्यांचे मॉडेलचे रन शेवटच्या टप्प्यात असताना तुटले. त्यांची तोंडं बघवत नव्हती. जुन्या खोलीत असाच एक यूपीएस बंद केला होता, तेव्हा काहीही झालं नव्हतं.

दुसरं नेटवर्कचं. सीएमसीचं वेब पान कधी लगेच उघडतं, कधी दहा दहा मिनिटं पिंगलाही उत्तर नाही. त्याच वेळी सगळे आयड्रॅकही (प्रत्येक ब्लेड दुरून हाताळायची सोय) जातात. मॅनेजमेंट स्विचवरचे सगळे दिवे अशा वेळी एकाच ठेक्यात भराभर लुकलुकतात. ब्लेडचं डेटा नेटवर्क मात्र व्यवस्थित आहे. पॅच कॉर्ड बदलल्या, आयपी दुसऱ्या कुणाला नाही हे तपासलं, चेंजओव्हर करून दुसरा सीएमसी पुढे आणला, फरक शून्य. दोन्ही सीएमसींच्या मागच्या चारही नेटवर्क पोर्टमध्ये केबल आहेत आणि चारही लिंक दिवे लागलेले आहेत.

पीएसयू खराब झालेत असं धरून नवे मागवावेत का? पैसे मंजूर करून घ्यायचे तर कारण नीट सांगता यायला हवं.

प्रतिसाद:
सीएमसीचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा. जुन्या आवृत्त्यांत नेटवर्कच्या कटकटी असतात.

प्रतिसाद:
कृपया आत्ता फर्मवेअरला हात लावू नका. मॅनेजमेंट नेटवर्क असं हेलकावत असताना फाइल अर्धवट गेली तर नवीनच दुखणं उभं राहील. पीएसयूही मागवू नका.

आधी नेटवर्क, कारण ते सोपं आहे. प्रत्येक सीएमसीवर दोन पोर्ट असतात, जीबी आणि एसटीके. जीबी मॅनेजमेंट स्विचला जातो. एसटीके असतो एका चॅसिसमधून दुसऱ्या चॅसिसला साखळी जोडायला. तुमचा चॅसिस एकच, म्हणजे एसटीके रिकामा हवा. दोन्ही पोर्ट एकाच नेटवर्कमध्ये घातले की ब्रॉडकास्ट स्टॉर्म (तेच संदेश गोल गोल फिरून नेटवर्क तुंबणं) होऊ शकतं, तशी सूचना सीएमसीच्या मॅन्युअलमध्येच आहे. दिवे एका ठेक्यात लुकलुकतात म्हणालात, ती त्याचीच खूण. आयड्रॅकची वाट सीएमसीतूनच जाते, म्हणून तेही सोबत गायब होतात. एसटीकेच्या दोन्ही केबल काढा. वेब पान नसेल तेव्हा सीएमसीच्या सिरियल पोर्टला लॅपटॉप लावून आत जाता येतं, वेग ११५२००.

आता वीज. एसी रिडंडन्सीत सीएमसी असं धरून चालतो की १, २, ३ क्रमांकाचे पीएसयू एका लाइनवर आहेत आणि ४, ५, ६ दुसऱ्या. कॉर्डचं दुसरं टोक कुठल्या पीडीयूत गेलंय हे त्याला कळायचा मार्गच नाही. सहाही ठिकाणी वीज आहे एवढंच बघून तो हिरवा दिवा दाखवतो. त्यामुळे त्या दिवशीच्या लॉगमध्ये बघा, इनपुट गेल्याची नोंद किती पीएसयूंची आहे, तीन की चार? चार असतील तर सगळा भार उरलेल्या दोघांवर, म्हणजे ४७२० वॅटवर आला. सोळा ब्लेड, पंखे आणि स्विच त्यात बसत नाहीत. मग सीएमसी आधी ब्लेडची वीज कमी करतो, तेवढ्याने भागलं नाही तर काही ब्लेड बंद करतो.

कोणते बंद करायचे ते प्राधान्यावरून ठरतं, १ सर्वांत वरचं आणि ९ सर्वांत खालचं. मुळात सगळ्यांना १ असतं, म्हणजे तुम्ही स्वतः ठरवलंच नसेल तर विद्यार्थ्यांचे रन आणि चाचणीचे ब्लेड एकाच रांगेत. ते आजच वेगळे करा.

धागाकर्ता:
मनापासून आभार! लॉगमध्ये १, २, ३ आणि ४, चार नोंदी निघाल्या. रॅकमागे जाऊन एकाने वरून कॉर्ड धरली, दुसऱ्याने खालून चाचपली, तेव्हा ४ ची कॉर्ड पीडीयू 'अ' मध्येच सापडली. सगळ्या कॉर्ड एकाच काळ्या रंगाच्या, एकाच गठ्ठ्यात झिप टायने आवळलेल्या, नुसतं बघून कळणं शक्य नव्हतं. आता 'ब' च्या कॉर्डना दोन्ही टोकांना लाल टेप लावली आहे. एसटीकेच्या केबल काढल्या तशी स्विचची लुकलुक थांबली, आणि कालपासून सीएमसी एकदाही गेलेला नाही. प्राधान्यंही बदलली.

एक शंका उरली. तीन पीएसयू पूर्ण भारावर गेले तर ७०८० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ३१ अँपिअर. पीएसयूमधला तोटा धरला की ३२ च्या वर जाईल ना? मग एका लाइनवर सगळा भार आला तर एमसीबीच पडेल.

प्रतिसाद:
बरोबर शंका आहे. पूर्ण भार रोज येत नाही, पण त्यावर विसंबू नका. सीएमसीतल्या पॉवरच्या पानावर प्रत्यक्ष इनपुट वॅट दिसतात. सगळे ब्लेड रनवर असताना तो आकडा घ्या आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा. नुसती एमसीबी मोठी घालू नका, मागची वायर, सॉकेट आणि पीडीयू त्या अँपिअरचे नसतील तर ते तापतील. लाइनचं काम होईपर्यंत सीएमसीतच सिस्टिम इनपुट पॉवर कॅप ७००० वॅटच्या खाली लावून ठेवा. रन थोडे हळू चालतील, पण तुटणार नाहीत.