खेड्यातला मानसोपचार: गटात की एकेकट्याशी?

समुपदेशक, बीड
मराठवाड्यात नैराश्याचे रुग्ण उदंड आणि उपचार देणारी माणसं थोडी. मग एकास एक पन्नास मिनिटांचा हट्ट कशाला? आठ जणांना वेगवेगळं भेटायचं तर आठवड्याला ४०० मिनिटं जातात, गटाची बैठक ९० मिनिटांत होते. युगांडातल्या खेड्यांत असे गट चालवले: १६ आठवडे, बायका-पुरुष वेगळे, चालक स्थानिक. नैराश्य बरंच घटलं, २००३ साली निष्कर्ष छापून आले. पुढं २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं असा गट आठ बैठकांत चालवायची पुस्तिकाच काढली.

मानसशास्त्रज्ञ, परभणी
तिथलं ठीक, पण आपल्याकडं भावकी आहे. एका गावातले आठ जण बसवले की त्यात चुलत दीर निघतो, सावकाराचा मेहुणा निघतो. मग बाई नवऱ्याच्या दारूबद्दल काय बोलणार? 'झोप येत नाही, अंग दुखतं' इथंच बैठक संपते. गोपनीयता पाळायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आपण बांधलेले आहोत, गटातला शेजारी नाही. एक वाक्य बाहेर गेलं तर सोयरीक मोडते. शिवाय तुमचा हिशेब कच्चा आहे. चालक दोन लागतात, म्हणजे १८० मिनिटं झाली. आधीच्या मुलाखती आणि नंतरच्या नोंदी वेगळ्याच.

समुपदेशक, बीड
मुलाखती एकदाच असतात. आणि एका गावाचा गट करायचाच नाही. बाजाराच्या दिवशी, तालुक्याच्या रुग्णालयात, चार-पाच गावांतले सहा ते आठ जण घ्यावेत. मुलाखतीतच नातीगोती विचारून घ्यावीत. कर्जाची लाज आपल्या समजावण्यानं जात नाही. 'माझंही सोनं गहाण आहे' असं समोरचा शेतकरी म्हणतो, तेव्हा माणूस मान वर करतो.

परिचारिका, जालना
ज्याच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचा बेत आहे त्याला गटात बसवू नका. आधी एकट्याला गाठून थेट विचारा, फवारणीचं औषध घरातून हलवायला लावा, घरच्यांना सोबत घ्या, डॉक्टरांकडं त्याच दिवशी पाठवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून द्या. गटाचं म्हणाल तर महिना बघून सुरू करा. आषाढीनंतर १६ आठवड्यांचा धरला तर दसऱ्याला टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि गट अर्ध्यात मोडतो. आठ बैठकांचा पुरा होतो.

मानसशास्त्रज्ञ, परभणी
बाजाराला बाई एकटी येत नाही, सासू सोबत असते. दीड तास कुठं होतीस, याला ती काय उत्तर देणार? गोव्यात प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनीच एकेकट्याला सहा ते आठ वेळा, ३०-४० मिनिटं भेटून नैराश्य कमी केलं. निष्कर्ष २०१७ चे आहेत. गरज पडली तर ते घरीही जात. माणसं कमी आहेत म्हणून गट करण्यापेक्षा आशाताईंना हे शिकवा, आणि त्याचं वेगळं मानधन द्या.