अँटिग्वा: आकातेनांगो शेवटी ठेवा

तीन दिवस ग्वातेमाला देशातलं अँटिग्वा ग्वातेमाला शहर आणि उतरल्या उतरल्या जवळच्या आकातेनांगो ज्वालामुखीचा ट्रेक, असा तुमचा बेत दिसतोय. कृपा करून ट्रेक शेवटी ठेवा. शहर साधारण १५०० मीटरवर, तर आकातेनांगोचा माथा ३९७६ मीटरवर; घाईने चढलात तर डोकं ठणकायला लागतं. रात्री तंबूबाहेर बोटं गारठतात. पण शेजारचा फुएगो ज्वालामुखी जागा असेल तर समोर लालभडक निखारे उडतात आणि धडाड् आवाज काही सेकंदांनी येऊन छातीत घुमतो! त्यासाठी अंगात ताकद हवी.

आधी शहर पायी बघा. १७७३च्या भूकंपात कोसळलेल्या चर्चच्या भिंती आजही उभ्या आहेत. त्यानंतरच राजधानी इथून हलली. रस्ते दगडगोट्यांचे, जाड तळव्याचे बूट घ्या. नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा असतो, तेव्हाच जा.